हळदीकुंकवाच्या वाणासाठी घडीची कार्डं करतेय, घडी तडकते, काय करू?

दांडियाबाजारची_सून | १६ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे हळदीकुंकू रथसप्तमीला असतं, म्हणजे २५ तारखेला. दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा नाहीतर स्टीलची चमचुली, आणि खरं सांगायचं तर तीच चमचुली तीन घरं फिरून परत माझ्याकडे येते (एकदा तर माझ्याच सासूबाईंचं नाव कोरलेली आली!). तर यंदा ठरवलं की हाताने केलेलं काहीतरी द्यायचं.

काल इथे बडोद्यात वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस, तेव्हाही पतंग उडवतात) झाल्यावर लेक आणि मी अगाशी (गच्ची) झाडायला गेलो तर पाण्याच्या टाकीमागे, जाईच्या वेलात, अँटेनाच्या दांड्यावर मिळून १९ पतंग निघाले. कापलेले, फाटलेले, काहींना गुंदरपट्टीची (डिंकाच्या कागदी पट्टीची) ठिगळं लावलेली. मी कचऱ्यात टाकणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, अगं फेकतेस काय, रंग बघ त्याचे. खरंच उन्हात धरला की जांभळा असा पेटतो ना! म्हटलं याचीच घड्या घालून नक्षी करू आणि कार्डावर लावू, आत तिळगुळाची पुडी.

मग रावपुऱ्यातून लाल जाड कागद आणला, ए४, ३०० जीएसएम, २५ शीटचं पाकीट. पहिलंच शीट मधोमध दुमडलं आणि घडीवर वरपासून खालपर्यंत पांढऱ्या भेगा, उन्हाळ्यात टाच फुटते ना अगदी तशा. वाटलं जोर जास्त लावला. दुसरं हळूच दुमडलं, तेच. मग घरात पडलेल्या कंकोत्र्या, म्हणजे लग्नपत्रिका, काढल्या (आमच्याकडे पोतंभर आहेत, गणपतीचं चित्र असतं म्हणून कोणी टाकत नाही) तर त्यांचा चकचकीत पापुद्राच घडीवर सुटायला लागला.

४५ बायका आहेत. २३ शीट उरलीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणे कागद असाच असतो बेन. असाच असतो का?

फुकटचा_सल्लागार | १६ जानेवारी, रात्री ११:३२

स्टीलची वाटी द्या. विषय संपला.

दांडियाबाजारची_सून | १६ जानेवारी, रात्री ११:३५

@फुकटचा_सल्लागार तुमच्या घरून आलेली मोड आलेली मटकी ज्या वाटीत होती तीच का? 😄

जुना_कंपोझिटर | १७ जानेवारी, सकाळी ६:२०

ताई, कागद असाच असतो हे अर्धं खरं आहे. अर्धं तुमच्या घडीच्या दिशेचं आहे. मी ३८ वर्षं छापखान्यात काढली, त्यातली निम्मी कंकोत्र्या दुमडण्यात गेली म्हणा, म्हणून सांगतो.

मशीनवर कागद बनतो तेव्हा लगदा एका दिशेने पळत असतो, त्यामुळे त्यातले तंतू बरेचसे त्याच दिशेला लोळतात. याला आम्ही ग्रेन म्हणायचो. लाकडासारखंच समजा, सरपण उभं चिरलं की सरळ फाटतं, आडवं तोडायला गेलं की ढलप्या निघतात. घडी ग्रेनच्या दिशेने घातली की तंतू बाजूबाजूला सरकून वाकतात, आडवी घातली की ते मोडतात, आणि मोडलेल्या तंतूंचं पांढरं पोट वर दिसतं. तुमच्या टाचेच्या भेगा म्हणजे त्या.

ओळखायचं कसं? शीट टेबलावर ठेवा, न दुमडता नुसतं कमान करून तळहाताने हलकं दाबा. आधी लांबीकडून, मग रुंदीकडून. एका बाजूने कागद निमूट वाकेल, दुसऱ्या बाजूने तळहाताला ढकलेल. निमूट वाकतो तशी घडी घालायची. तरी शंका राहिली तर कोपऱ्याचा चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करा, तो वळून नळी होईल, नळी ज्या दिशेला लांब दिसते तीच ग्रेन.

बाजारात ए४ मिळतो त्यात बहुतेक वेळा ग्रेन लांब बाजूने असते. तुम्ही तो मधोमध दुमडला म्हणजे घडी आखूड बाजूला समांतर आली, म्हणजे बरोब्बर आडवी. आता गंमत बघा. तोच ए४ आधी मधोमध कापा. दोन ए५ मिळाले, १४८ बाय २१०. आता ग्रेन कुठे आली? ए५ च्या आखूड बाजूने. तो मधोमध दुमडा, घडी ग्रेनच्या दिशेने! कार्ड होईल १०५ बाय १४८ मिलिमीटरचं, हाताच्या पंज्याएवढं, आणि २३ शीटमधून ४६ कार्डं. तुम्हाला ४५ हवीत.

दांडियाबाजारची_सून | १७ जानेवारी, सकाळी ९:०५

काका!!! पोळ्या तव्यावर टाकून आधी शीट वाकवून बघितलं (एक पोळी गेली). लांबीकडून निमूट, रुंदीकडून ढकलतंय. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. संध्याकाळी कापते.

गोधडी | १७ जानेवारी, दुपारी २:१५

नुसतं दुमडू नका, आधी घडीच्या रेषेवर खाच पाडून घ्या. बाहेर ते हाडाचं हत्यार मिळतं पण मी संपलेली रिफिल वापरते, पट्टी लावून दोनदा ओढायची, खाली दुमडलेलं वर्तमानपत्र ठेवायचं म्हणजे खाच नीट बसते. मग खाचेतच दुमडायचं, आपोआप जातं.

जुना_कंपोझिटर | १७ जानेवारी, दुपारी ३:४०

रिफिलचं अगदी बरोबर. पण खाचेत दुमडू नका, उलटं दुमडा.

गोधडी | १७ जानेवारी, दुपारी ३:५२

काका माफ करा पण मी वीस वर्षं खाचेतच दुमडतेय. वहीचं पान दरीत दुमडतो तसंच ना ते.

जुना_कंपोझिटर | १७ जानेवारी, दुपारी ४:३०

पातळ कागदाला चालून जातं, म्हणून तुम्हाला वीस वर्षं कळलं नाही 🙂 रिफिलने एका बाजूला खाच पडते, तेव्हा दुसऱ्या बाजूला बारीकसा उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे आणि खाच बाहेर. कारण घडी घातली की बाहेरची बाजू ताणली जाते, फुटते ती तीच. खाच बाहेर असली की तिथे आधीच ढील दिलेली असते. तुम्ही खाचेत दुमडलं की उंचवटा बाहेर येतो, म्हणजे जी बाजू फुटायची तीच अजून ताणली. छापखान्यात क्रीजिंगच्या मशीनवर नवा पोरगा आला की आठवडाभर हेच उलटं करायचा, आणि शिव्या मी खायचो.

गोधडी | १७ जानेवारी, रात्री ९:१८

केलं करून. एकाच शीटचे दोन तुकडे घेतले, एक खाचेत, एक उलटा. काका, वीस वर्षं वाया. उलटा दुमडलेला अगदी मऊ बिजागरीसारखा झालाय, नवऱ्याला पण दाखवला, तो म्हणाला बरं.

निशिगंध_परदेशी | १८ जानेवारी, पहाटे ४:४५

मूळची कारेलीबागची, आता समुद्रापलीकडे, इकडे बर्फ पडतोय आणि तुम्ही वासी उत्तरायण म्हणताय, जीव जळला.

पतंगाच्या कागदावरून आठवलं, इथे आमच्या क्राफ्ट ग्रुपमध्ये टीबॅग फोल्डिंग शिकवतात. नाव ऐकून चहाच्या पुड्या दुमडायच्या असं वाटतं आणि सुरुवात तशीच झाली. नेदरलँड्समधल्या तिनी व्हान देर प्लास नावाच्या बाईंनी १९९२ च्या सुमारास टीबॅगच्या छापील रंगीत पाकिटांचे चौकोन दुमडून, एकात एक अडकवून त्याची फुलं केली आणि कार्डावर चिकटवली. छोटे सारखे चौकोन, प्रत्येकाला तीच घडी, आणि बहुतेक आठ तुकड्यांचं एक चक्र.

आणि ऐका, त्यातली एक मूळची घडी आहे तिचं नावच काईट फोल्ड! चौकोन कर्णावर दुमडून उघडायचा, मग एका कोपऱ्याच्या दोन्ही बाजूच्या कडा त्या कर्णाच्या रेषेवर आणायच्या. पतंग तयार. म्हणजे पतंगाच्या कागदाचे पतंग, संक्रांतीचं वाण, अजून काय पाहिजे सूनबाई तुम्हाला?

दांडियाबाजारची_सून | १८ जानेवारी, सकाळी १०:३०

अय्या!! 😍 हेच करणार. पण आठच का? सहा नाही का चालणार, ४५ कार्डं आहेत हो.

शून्य_बाकी | १८ जानेवारी, सकाळी ११:१२

गणित शिकवत होतो, त्यामुळे राहवत नाही. चौकोनाचा कोपरा ९० अंशाचा. दोन्ही कडा कर्णावर आणल्या म्हणजे तो निम्मा झाला, ४५. अणकुचीदार टोकं मध्यभागी जोडली तर ४५ चे आठ तुकडे म्हणजे ३६०. सहा घेतले तर ९० अंशांची खिंड उरेल, कोणीतरी पोळीचा चतकोर खाल्ल्यासारखी.

माप: चौकोनाची बाजू गुणिले १.४१ म्हणजे पतंगाची लांबी, आणि त्याच्या दुप्पट म्हणजे पूर्ण चक्र. तुमचं कार्ड १०.५ सेंमी रुंद. ५ सेंमीचा चौकोन घेतलात तर चक्र १४ सेंमीचं होऊन बाहेर लोंबेल. ३.५ चा घ्या, चक्र ९.९ सेंमी. बसतं.

एकूण चौकोन ३६८ (एक जास्तीचं कार्ड धरून). शुभेच्छा.

दांडियाबाजारची_सून | १९ जानेवारी, रात्री १२:२०

रडू येतंय. ऐका.

एका फाटक्या पतंगातून कामट्यांची आणि गुंदरपट्टीची जागा सोडून साठ-सत्तर चौकोन निघतात, तिथपर्यंत मस्त चाललं. घड्या लेकीने आणि सासूबाईंनी घातल्या, सासूबाई नखाने घडी अशी दाबतात की इस्त्री झक मारते. (सूचना: पतंगाला मांजा गुंडाळलेला असेल तर आधी कात्रीने कापून काढा, ओढू नका, माझं बोट कापलं. आणि तो मांजा कागदात गुंडाळूनच टाका, उघडा टाकला की पक्षी अडकतात.)

मग चिकटवायला बसलो. टोकं मध्ये आणून आठ पतंग शेजारी शेजारी. पण कडेला कड लागते, एकावर एक काहीच येत नाही, चिकटवू कशाला? एक सरकला की सगळे सरकतात. म्हणून थेट कार्डावर चिकटवू म्हटलं, मैद्याची खळ केली कारण पतंगवाले तीच वापरतात, तर ओल लागताच जांभळ्याचा रंग सुटला, लाल कार्डावर डाग आणि माझी बोटं मंगळवारच्या बाजारातल्या रंगाऱ्यासारखी. एक कार्ड गेलं. म्हणजे आता बरोब्बर ४५.

शून्य_बाकी | १९ जानेवारी, सकाळी ७:०५

चूक माझी. कोन जुळवला, चिकटवायचा विचार केला नाही. पतंग उलटे फिरवा.

पतंगाचं बोथट टोक, म्हणजे चौकोनाचा जो कोपरा दुमडला नाही तो काटकोनाचा, तो मध्ये ठेवा. अणकुचीदार टोक बाहेर. आता दुसरा पतंग ठेवताना त्याची कड पहिल्याच्या मधल्या रेषेवर आणा. म्हणजे प्रत्येक वेळी ९० चा निम्मा, ४५ अंश पुढे सरकलात. आठ झाले की वर्तुळ पूर्ण, आणि प्रत्येक तुकडा आधीच्यावर निम्मा चढलेला, चिकटवायला भरपूर जागा. आठव्याची एक बाजू पहिल्याच्या खाली सरकवायला विसरू नका.

लांबी तीच, त्यामुळे चक्र तेच ९.९.

निशिगंध_परदेशी | १९ जानेवारी, सकाळी ८:५०

अरे हो, ही तर खिडकीची चांदणी! जर्मनीत पारदर्शक कागदाच्या अशाच चांदण्या करून काचेवर लावतात. पतंगाचा कागद पातळ, त्यामुळे जिथे दोन पदर तिथे फिका, जिथे चार तिथे गडद, उजेडात धरलं की एकाच जांभळ्याच्या चार छटा दिसतात. सूनबाई, ही लाल कार्डावर चिकटवू नका, सगळी मजा मरेल. कार्डाला पुढून गोल खिडकी कापा आणि चांदणी मागून लावा.

आणि ओला डिंक नको, ग्लूस्टिकचा तिळाएवढा ठिपका.

मेकर_मांजलपूर | १९ जानेवारी, दुपारी १:२०

मध्येच घुसतो, सॉरी. मी पण आईसाठी पॉप-अप केलंय, उघडलं की पतंग उभा राहतो. घडीवर दोन समांतर चिरा दिल्या आणि मधली पट्टी पुढे ओढली. पण बंद केलं की पतंगाचं नाक बाहेर येतं. का?

जुना_कंपोझिटर | १९ जानेवारी, दुपारी २:०५

चीर केवढी? घडीपासून चिरेची जेवढी लांबी, बंद केल्यावर पट्टी तिच्या दुप्पट पुढे येते. १०५ च्या पानात चीर ५० ची ठेवलीत तर पट्टी १०० वर थांबेल, आणि तिच्यावर पतंग चिकटवलात तर तो आणखी पुढे. चीर ३० ची करा.

मेकर_मांजलपूर | १९ जानेवारी, दुपारी २:११

६० होती 🤦 थँक्यू काका.

दांडियाबाजारची_सून | २१ जानेवारी, रात्री १०:४०

अपडेट. खिडकीला आमची आमटीची वाटी उपडी ठेवली, तोंड बरोबर ८ सेंमी. चांदणी ९.९ म्हणजे प्रत्येक टोक मागे जवळपास सेंटीमीटरभर धरायला मिळतं. गोल कापताना पातं फिरवू नका, कार्ड फिरवा, हे आमच्या लेकीने शोधलं, वय वर्षं अकरा.

पहिलं कार्ड झालं तेव्हा ट्यूबलाइटसमोर धरलं आणि आम्ही तिघी दोन मिनिटं काही बोललोच नाही. मध्यभागी आठही टोकं येतात तिथे जरा गचपण दिसतं, म्हणून मी शहाणपणा केला, तिथे एकेक हलव्याचा दाणा लावला. काटेरी पांढरा दाणा, चांदणीच्या पोटात, काय दिसत होतं म्हणून सांगू! वीस कार्डं तशी करून डायनिंग टेबलावर वाळत ठेवली.

सकाळी मुंग्या.

रांग खिडकीपासून टेबलाच्या पायावरून थेट वीस कार्डांपर्यंत, आणि प्रत्येक दाण्याभोवती काळं रिंगण. सासूबाई म्हणाल्या, बघ, पहिलं हळदीकुंकू यांनीच केलं.

गोधडी | २१ जानेवारी, रात्री १०:५१

😂😂😂 वाण लुटलं! आता मध्ये टिकली लावा. मागे डिंक असतो, मुंग्या खात नाहीत, आणि हळदीकुंकवाला टिकलीहून शोभेल असं काय.

दांडियाबाजारची_सून | २१ जानेवारी, रात्री १०:५५

गोधडीताई तुम्हाला साष्टांग. कपाटात आठ पाकिटं पडलीत.

फुकटचा_सल्लागार | २२ जानेवारी, सकाळी ९:३०

मी अजूनही म्हणतो, वाटी. आमटीची तरी.

पाकीटमार_नव्हे | २२ जानेवारी, दुपारी १२:००

पाकिटाचं कोणी बोललंच नाही. या मापाच्या कार्डाला सी६ पाकीट लागतं, ११४ बाय १६२. पण आत तिळगुळाची पुडी असेल तर ते फुगून फाटेल, पुडी बाहेरून दोऱ्याने बांधा.

जुना_कंपोझिटर | २२ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

दोऱ्याला रिळाचा साधा सुती घ्या. आणि कंकोत्र्या वाया घालवू नका, चकचकीत बाजूवर डिंक बसत नाही पण मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापून त्यावर नावं लिहा. पुढच्या वर्षी वेळ असेल तर अहमदाबादच्या कलमखुश या संस्थेचा हातकागद (हाताने बनवलेला कागद) बघा. हातकागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात, ग्रेन जवळपास नसतेच, कशीही दुमडा. कडा मात्र ओबडधोबड येतात, त्या कापू नका.

दांडियाबाजारची_सून | २५ जानेवारी, रात्री ११:४५

झालं. पाय सुजलेत, पण लिहून झोपते.

४५ गेली. काही बायकांनी नुसतं थँक्यू म्हणून पर्समध्ये टाकलं, एकीने वाण कुठाय असं विचारलं (मी म्हटलं हेच), आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बेननी अजून दोन मागितली, ती नव्हती. ज्यांनी खिडकी उजेडाकडे धरली त्यांना काही सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या १९ पतंगांत एक पांढरा होता, त्यावर कोणा मुलाने पेनाने काहीतरी लिहिलेलं. चौकोन कापल्यावर नुसत्या आडव्या-उभ्या रेघा राहिल्या, मी म्हटलं नक्षीच दिसेल, तीन कार्डांत वापरला. त्यातलं एक दोन गल्ल्या पलीकडच्या एका वहिनींना गेलं. त्यांनी उजेडात धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं आणि म्हणाल्या, "हा सातचा आकडा आमच्याकडेच असा काढतात." पोराने पतंगावर सातचा पाढा लिहून पाठ करत करत उडवला होता म्हणे, आई ओरडली म्हणून. सात चोक अठ्ठावीसपर्यंत आला आणि पतंग कापला गेला.

जुना_कंपोझिटर | २६ जानेवारी, सकाळी ६:१०

छान. घड्या किती तडकल्या?

दांडियाबाजारची_सून | २६ जानेवारी, सकाळी ८:२५

दोन. दोन्ही एकाच शीटच्या, बोलता बोलता आडवं कापलं मी. ती सासूबाईंच्या बहिणीला आणि नणंदेला दिली, घरचीच माणसं.

फुकटचा_सल्लागार | २६ जानेवारी, सकाळी ८:४०

आमच्या हिला मिळालेलं तडकलेलं नाही, बघितलं. फ्रिजवर लावलंय.